मुदत ऑक्टोबरपर्यंत

११ मे

तीर्थरूप दादास,

नमस्कार. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता कामावरच्या गुडघेकाकांकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. तू माझा फोन उचलत नाहीस त्याला दीड वर्ष झालं. परवा केंद्राच्या नंबरवरून केला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. तक्रार करत नाही. तुझ्या जागी मी असतो तर फोन आपटलाच असता. पुलावर पोलिसांचा नाका बसवलाय, मला पास नाही, म्हणून स्वतः येताही येत नाही. राहता राहिलं पोस्ट.

तू, वहिनी आणि छकुली बरे असाल. मी बरा आहे. मी वाहन तपासणी केंद्रात शिकाऊ तपासनीस म्हणून लागलो, हे वहिनींनी तुला सांगितलं असेलच. त्यांनी सांगताना तू पेपर वाचत असशील, पण कान इकडे असतील.

इथे सध्या काय चाललंय ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. लॉकडाऊन लागला आणि आठवड्याभरात वरून आदेश आला, की एप्रिलपासून पुढे ज्यांच्या पासिंगची मुदत संपते त्यांना आपोआप सहा महिने वाढ. अर्ज नाही, शिक्का नाही, काही नाही. लोकांनी घरात बसायचं. रुग्णालयं, औषधं, दूध असल्या गाड्यांना वाटलं तर तपासून देऊ, पण सक्ती नाही. त्यामुळे जिथे सकाळी गेटबाहेर शंभर गाड्या भोंगे वाजवत असायच्या, तिथे आता एक मांजर ब्रेक तपासायच्या रोलरवर झोपतं. साहेबांनी मला फोनवर बसवलं. काम एकच. विचारणाऱ्याला सांगायचं की वाढ लागू आहे, येऊ नका, आणि वहीत नोंद करायची.

दादा, लोक काय काय विचारतात म्हणून सांगू. एका आजोबांनी विचारलं, की गाडी दोन महिने उभीच आहे तर तिचं वय दोन महिन्यांनी वाढलं की नाही. मी हसलो, आणि मग दिवसभर तेच डोक्यात. खरंच, वाढतं का? गुडघेकाकांना विचारलं. गुडघेकाका म्हणजे आमचे जुने तपासनीस. तीस वर्षं गाड्यांखालच्या खड्ड्यात उतरून गुडघे गेलेत, आणि दिवसातून वीस वेळा ते त्यांची आठवण काढतात. ते म्हणाले, उभी गाडी पळत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते, रिटायर माणसासारखी. टायर एका बाजूला बसतो, उंदीर वायरी खातात, बॅटरी मान टाकते. मग मला दुसराच प्रश्न पडला. आदेश काढणाऱ्यांनी धरलंय की गाड्या घरी उभ्या आहेत. पण ज्या उभ्या नाहीत, उलट तिप्पट पळतायत, त्यांनाही तीच वाढ? त्यांचं कोण बघतंय?

हा प्रश्न मला लोककल्याणासाठी पडला असं समजू नकोस. खरं कारण सांगतो, हस खुशाल.

एक मुलगी आहे. रुग्णालयाचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीची व्हॅन तीच चालवते. जानेवारीत ती दिव्याची काच बदलून दाखवायला आली होती. साहेब म्हणाले, दिवा अर्धं बोट वर आहे. ती म्हणाली, साहेब, तुमचा चष्मा अर्धं बोट खाली आहे. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. गुडघेकाका म्हणतात, पोराचा क्लच घसरतोय.

तर मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मुदत बावीस एप्रिलला संपली, काय करू? वाढ तिला स्पष्ट लागू होती. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. म्हणालो, तुमच्या प्रकारच्या गाडीला वाढ लागू नाही, तपासणीला यावं लागेल. ती म्हणाली, बरं, उद्या येते. झालं. मी वहीत काहीतरी खरडलं आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून आलो. मास्कखाली दाढी. लक्षात घे माझी अवस्था.

आता तपासणीची पद्धत बदललीय. पूर्वी आम्ही गाडीत बसायचो. आता मालकाने आतच बसायचं, काचा वर, आणि आम्ही खड्ड्यातून लाकडी दांड्याने गाडीच्या बुडाला ठोकायचं. एक ठोका म्हणजे ब्रेक दाब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे जोरात दाबून धर. बोलणं नाही. मी एवढा बेत करून तिला बोलावलं, आणि वाट्याला आलं तिच्या व्हॅनचं बूड.

पण दादा, रोलरवर मागच्या डाव्या चाकाचा आकडा कमी आला. का, म्हणून दिवा घेऊन वर बघितलं. मागच्या एक्सलवरून ब्रेकची नळी वळते, तिथे क्लिप असते, तुला माहीतच आहे. त्या वळणावर नळी बिस्किटासारखी झाली होती. नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले आणि ब्रेक ऑइलचा ओला ठिपका बोटाला लागला. मागच्या वर्षीच्या पासिंगला गुडघेकाकांनी याच नळीपुढे ‘उत्तम’ लिहिलंय, आणि काका सहजासहजी उत्तम लिहीत नाहीत. मग वर्षात एवढा गंज? नाकाशी बोट नेलं तर जंतुनाशकाचा वास. काचेतून विचारलं तेव्हा ती म्हणाली, रुग्णालयाच्या गेटवर दर खेपेला व्हॅन वरून खालून फवारतात. दिवसातून चार वेळा.

तेव्हापासून मी झपाटलोय. व्हॅन ठेवून घेऊन नळी उतरवली आणि तिचेच दोन चांगले तुकडे कापले. काचेच्या दोन बरण्या खिडकीत ठेवल्यात. एकीत साधं पाणी, दुसरीत फवाऱ्याचं औषध. रोज बघतो. कॉलेजात असा एक प्रयोग जरी कुणी करू दिला असता तर कदाचित मी तिथेच असतो. असो.

तुझी मिनीबस त्याच रुग्णालयाच्या त्याच गेटमधून जाते. नर्सेसना आणतोस, नेतोस, म्हणजे तुलाही चार फवारे. बसची नळीही एक्सलवरून तशीच वळते. मी लहानपणी तुझ्या बसखाली इतका लोळलोय की डोळे मिटून काढून दाखवीन. तर एवढंच कर. हे पत्र मिळाल्याबरोबर डाव्या मागच्या चाकाशी आडवा हो आणि क्लिपपाशी नख लाव. पापुद्रा निघाला तर बस काढू नकोस, सरळ केंद्रात आण. तुझ्याकडे पास आहे. गॅरेजेस बंद आहेत, पण काकांकडे नळी आहे.

मध्यंतरी वहिनींशी एकदा फोनवर बोलणं झालं होतं. ते विशेष काही नव्हतं.

छकुलीला पापा. वहिनींना नमस्कार.

उत्तराची सक्ती नाही, नख लावायची आहे.

तुझा,
धाकटा

*

१९ मे

तीर्थरूप दादास,

नमस्कार. वहिनींचा निरोप आला. तसाच उतरवतो: ‘भाऊजी, पत्र मिळालं. हे म्हणतात, मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे, तुम्हीच सांगितलंत. उगीच घाबरवू नका.’

वाचल्यावर मी फोन भिंतीवर मारणार होतो. हात वर गेला होता. मग ‘तुम्हीच सांगितलंत’ हे परत वाचलं आणि हात खाली आला. त्या दोन शब्दांचं उत्तर मागच्या पत्रात मी गिळलं होतं.

आधी बरण्यांचं सांगतो. पाण्यातल्या तुकड्याला तांबूस कड आलीय, बस्स. औषधातल्या तुकड्याला तिसऱ्या दिवशीच फोड आले. आता ते औषध चहासारखं झालंय आणि तुकडा काढून चिमटीत दाबला तर चुरा पडतो. साहेब रोज येऊन बघून जातात. काल म्हणाले, झाकण नीट लाव. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

आता लाँड्रीवालीचं. काकांनी तिची नळी बदलली आणि गुरुवारी ती व्हॅन न्यायला आली. काच खाली करून म्हणाली, तुम्ही बोलावलं नसतंत तर उतारावर माझं काय झालं असतं कुणास ठाऊक. साहेबांनी वहीत माझ्या नावापुढे चांगला शेरा मारला. मी दीड तास हवेत होतो. मग डोक्यात आलं. ती आभार मानत होती ते कुणाचे? ज्याने खोटं सांगितलं त्याचे. शनिवारी ती फेरतपासणीला आली तेव्हा मी सांगून टाकलं. वाढ तुम्हाला लागू होती, मी खोटं बोललो, तुम्हाला बघायचं होतं म्हणून.

ती लाजेल, हसेल, किंवा चप्पल काढेल, असे तीन अंदाज मी बांधले होते. तिन्ही चुकले. तिने इंजिन बंद केलं, आणि तिचं ‘तुम्ही’ गेलं.

“आणि ज्याला तुला बघायचं नव्हतं, त्याला काय सांगितलंस?”

दादा, तिला तुझ्याबद्दल काहीएक माहीत नव्हतं. तिने आपलं सहज विचारलं, बाकीच्या फोनवाल्यांबद्दल. पण माझे कान तापले. मी तिच्यावरच उखडलो, म्हणालो, मी आदेशाप्रमाणे सांगितलं सगळ्यांना. ती म्हणाली, मग मलाच का नाही सांगितलंस आदेशाप्रमाणे? आणि काच वर करून गेली.

मी वही काढली. माझ्या अक्षरातल्या दोनशे बारा नोंदी. त्यातल्या, तिची व्हॅन सोडून, रुग्णालयात जाणाऱ्या गाड्या वेगळ्या काढल्या. एकोणीस. त्यातल्या अठरांना दोन दिवसांत फोन केले. कुणी शिव्या घातल्या, कुणी म्हणालं आधी येऊ नका सांगता, मग या सांगता, तुमच्या केंद्रात एकच माणूस आहे की दोन? पण बरेचसे येतायत. एकोणिसावी नोंद नऊ एप्रिलची. ‘मिनीबस, कर्मचारी वाहतूक, मुदत १८ एप्रिल. वाढ लागू, सांगितले.’

त्यात जे लिहिलं नाही ते आता लिहितो.

वहिनी मुदतीचं विचारत नव्हत्या. मुदतवाढ त्यांनी बातम्यांत ऐकली होती. त्या म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांना ब्रेक जरा मऊ लागतोय. दाखवून घेऊ का?” हे शब्द जसेच्या तसे माझ्या कानात आहेत. माझ्यासमोर दुसऱ्या दिवसाचा तक्ता होता. सगळे रकाने रिकामे होते, दादा. मांजराशिवाय कुणी येणार नव्हतं. आणि मी म्हणालो, जागा नाही वहिनी, शिवाय मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे, निवांत राहा.

का म्हणालो, ते मी स्वतःला बरेच दिवस विचारत होतो. तू आला असतास तर तू वर सीटवर आणि मी खाली खड्ड्यात. तुझ्याच बसच्या बुडाशी, काळ्या हातांनी. तुला मला टाय लावलेलं बघायचं होतं. कॉलेज सोडून आलो त्या दिवशी तू म्हणालास, परत जा, मी बोलतो सरांशी. आणि मी म्हणालो, ड्रायव्हरच्या अकलेने मला शिकवू नकोस. वहिनी दारात उभ्या होत्या, छकुली जेवत होती. तू बसची किल्ली उचललीस आणि कामावर गेलास. त्या किल्लीचा आवाज आठवला की मला अजून खोलीतून उठून बाहेर जावं लागतं. ज्या माणसाला मी हे बोललो, त्याच्याच ब्रेकला तेल आहे का ते बघायला मी खड्ड्यात उतरायचं? तोंड लपवायला मला एक नियम सापडला, आणि मी तो वहिनींच्या हातात ठेवला.

हे सगळं वाचून तुझा माझ्यावरचा राग वाढला तर वाढू दे. पण राग माझ्यावर काढ, बसवर नको. कागदावर तू ऑक्टोबरपर्यंत पास आहेस. कागद मी वाचला होता, नळी वाचली नव्हती. मऊ ब्रेक म्हणजे कुठेतरी तेल गळतंय, हे तुला मी सांगायची गरज नाही, मला ते तूच शिकवलंस.

गुरुवारी सकाळी नऊची वेळ तुझ्या बसच्या नावाने लिहून ठेवलीय. माझ्या हातून तपासून घ्यायची नसेल तर मी त्या दिवशी येत नाही. तसं वहिनींकडून कळव. फक्त ये.

चुकलेला,
धाकटा

*

२७ मे

दादा,

नमस्कार तुला गुरुवारी समोरासमोर करायचा राहिला, तो इथे करतो.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. नऊला दहा कमी असताना गेटमधून बसचं तोंड दिसलं आणि मी खड्ड्याच्या पायऱ्या उतरून दांडा हातात घेऊन उभा राहिलो. तयारी दोन दिवस केली होती. कुठे दिवा धरायचा, कुठे नख लावायचं, सगळं पाठ. वर साहेब तुझ्याकडून फॉर्म भरून घेत होते, तेही ऐकू येत होतं. फॉर्मच्या तळाशी एक रकाना असतो, ‘तपासनिसाशी नातं’. त्यात कुणी काही लिहीत नाही. लोक रेघ मारतात. साहेबांनाही वाटलं तू रेघच मारशील. मग त्यांनी वाकून मला हाक मारली, वर ये म्हणाले, आणि फॉर्म दाखवला. तू लिहिलं होतंस, ‘सख्खा भाऊ’.

नियम असा आहे, की नात्यातल्या माणसाची गाडी तपासायची नाही. मला पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभं केलं. तू हा नियम माहीत असून लिहिलंस की नसून, हे मला कळलेलं नाही. मी त्यावर खूप विचार केला. मला खड्ड्यातून बाहेर काढायला लिहिलंस? की दीड वर्षाने कुणीतरी विचारलं, म्हणून खरं ते लिहिलंस? तुला विचारायची हिंमत नाही, पण जाणून घ्यायचंय फार.

काका खाली उतरले. प्रत्येक पायरीला गुडघ्यांची आठवण. मला भीती वाटत होती, की ते पुढचंच बघतील, एक्सलपर्यंत वाकणार नाहीत. कुठे बघायचं ते मला ठाऊक होतं आणि बोलायची मनाई होती. उभ्या आयुष्यात इतका वेळ तोंड बंद ठेवून मी कधी उभा राहिलो नसेन. एक ठोका. दोन ठोके. मग बराच वेळ काही नाही. मग दिव्याचा उजेड मागे सरकला, डावीकडे, आणि थांबला. आणि तीन ठोके आले.

तू दाबून धरलास. पुढचं तू वरून पाहिलंस, मी बाजूने. फस्स करून आवाज आला आणि खड्ड्यातून काका ओरडले. वर आले तेव्हा चेहऱ्यावरच्या ढालीवरून ब्रेक ऑइल ओघळत होतं. म्हणाले, ढाल नसती तर एवढं एक रूपडं शिल्लक होतं तेही गेलं असतं. कुणी हसलं नाही. तू सीटवरच होतास. तुझा पाय पार तळाला टेकलेला मला दिसत होता, आणि तू तो उचलतच नव्हतास. साहेबांनी दोनदा सांगितलं, सोडा आता. मग उतरलास.

तू पट्ट्यापाशी आलास. मास्कमधून तुझे फक्त डोळे दिसत होते, आणि तुझे डोळे मला कधीच वाचता आले नाहीत.

“नऊ एप्रिलला फोनवर तूच होतास?”

“हो.”

“आत बारा जणी असतात.”

एवढंच बोलून तू पुलाकडे चालत निघालास. दीड वर्षात तू माझ्याशी बोललास ती ही दोन वाक्यं. तू चार कानफटात मारल्या असत्यास तर बरं झालं असतं, असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. हे वाक्यच बरोबर होतं. मी इतके दिवस तुझा माझ्यावरचा राग मोजत होतो, वहिनींपुढची माझी लाज मोजत होतो, तिला मी आवडेन का ते मोजत होतो. बारा जणी माझ्या हिशेबात आल्याच नव्हत्या. आता मला त्यांच्याबद्दल रोज नवा प्रश्न पडतो. कोण कुठे बसतं? डाव्या मागच्या चाकावरच्या सीटवर कोण असतं? ती घरी काय सांगून निघते? उताराला येता येता त्यातल्या किती जणी झोपलेल्या असतात? सहा आठवडे रोज चार खेपा. किती वेळा तो ब्रेक नुसता नशिबाने लागला असेल?

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन मी दोन्ही फोनांचं सांगितलं. तिला खोटं सांगून बोलावलं ते, आणि वहिनींना रिकामा तक्ता समोर ठेवून टाळलं ते. साहेबांनी चष्मा अर्धं बोट वर केला. फोनवरून मला काढलंय, आणि शिकाऊपण सहा महिन्यांनी लांबवलंय. काका म्हणतात, बघ, तुलाही मुदतवाढ मिळाली, अर्ज न करता. एकोणीसपैकी सतरा गाड्या येऊन गेल्या. चारांच्या नळ्या गेलेल्या निघाल्या, तुझी पाचवी.

बरण्या आता केंद्रात नाहीत. साहेबांच्या चिठ्ठीसकट त्या रुग्णालयात गेल्या. नेल्या लाँड्रीवालीने, स्वतःच्या मांडीवर धरून, कारण रुग्णालयाच्या कपड्यांत ठेवल्या तर कुणी धुऊन टाकील म्हणाली. गेटवर आता गाडीखाली फवारत नाहीत, दांडे आणि सीट तेवढ्या पुसतात. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. पण ‘तू’ म्हणते. रागाने गेलेलं ‘तुम्ही’ परत आलेलं नाही, आणि मी परत मागणार नाही. तिनेच सांगितलं, की तुझ्या बारा जणींना सध्या दुसरी गाडी दोन खेपांत नेते आणि पहिल्या खेपेच्या मुलींना तासभर आधी यावं लागतं. तेव्हा लवकर बस ने.

बस तयार आहे. काकांनी एक तुकडा नाही, चारही चाकांपर्यंतची नळी नवीन घातली, क्लिपा नव्या रबराच्या बसवल्या. मला त्यांनी फक्त दिवा धरू दिला. मी चार तास दिवा धरला. आकडे मी लिहिले नाहीत, साहेबांनी लिहिले. दोन्ही बाजू सारख्या आहेत.

एक गोष्ट बाकी आहे. नळी बदलल्यावर गाडी भरलेली असताना उतारावर एकदा ब्रेक मारून बघावा लागतो. चालवायची मालकाने. एरवी मागच्या सीटवर आम्ही वाळूची पोती ठेवतो. मी साहेबांना विचारलं, की पोत्यांबरोबर माणूस चालेल का. त्यांनी नियम काढला, तीनदा वाचला आणि म्हणाले, मनाई लिहिलेली नाही. तपासनीस म्हणून नाही बसणार. तुझा ब्रेक लागतो की नाही हे कागदावर लिहायचा मला अधिकार नाही. मला वजन म्हणून बसायचंय.

त्या बारा जणींच्या आधी एकदा मी बसलो पाहिजे. उतार चांगला मोठा घे. केंद्रामागचा नको, रुग्णालयाकडून नदीवर उतरणारा घे, जिथे त्या रोज असतात. मी आधार धरणार नाही.

उद्या सकाळी सातला बस अंगणात रस्त्याकडे तोंड करून उभी असेल, किल्ली साहेबांकडे. मी डाव्या मागच्या चाकावरच्या सीटवर असेन. आरशात बघायची सक्ती नाही, बोलायचीही नाही. तू उद्या आला नाहीस तर परवा सातला असेन, आणि तेरवाही.

आलास की फक्त चालव.

आधीच जाऊन बसलेला,
तुझा धाकटा